चार गाड्या आडव्या

आमच्याकडे मोटरसायकल चालताना पडते त्यापेक्षा उभी असताना जास्त पडते. घाटावरच्या पाहुण्यांना हे सांगितलं की ते हसतात. पण रत्नागिरी जिल्ह्यातला पाऊस आणि आमची जमीन ज्याने बघितली आहे, तो हसणार नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कातळावर गाडी लावली तर काही भीती नाही. पण कातळ संपला की लगेच लाल माती सुरू होते. ती माती मे महिन्यात विटेसारखी कडक आणि आषाढात शिऱ्यासारखी मऊ. वरून हिरवं गवत दिसतं, खाली नुसतं पाणी. गाडीचा भार असतो दोन चाकांवर आणि साईड स्टँडच्या एवढ्याशा पायावर. चाकं रुंद, ती टिकतात. पाय खुंटीसारखा आत शिरतो. दोन इंच शिरला की गाडी आणखी कलते, कलली की भार आणखी पायावर येतो, आणि मग कधीतरी धप्प.

आमच्या वाडीत पहिली मोटरसायकल आली १९९३ साली. राजदूत होती, जुनी घेतलेली. तेव्हा रस्ता फाट्यापर्यंतच होता. फाटा आमच्यापासून चार किलोमीटर. तिथपर्यंत आम्ही चालत जायचो, आणि कोणी आजारी पडलं तर डोलीतून न्यायचो. माझ्या थोरल्या चुलत्याला असंच नेलं होतं, चार माणसं खांद्याला आणि चार बदलीला. आज वाडीत डोली न्यायची म्हटली तर आठ खांदे मिळणार नाहीत. एकोणीस घरं आहेत, त्यातल्या अकरांना कुलूप. गणपतीला आणि शिमग्याला उघडतात, बाकी वर्षभर पागोळ्या आणि पालापाचोळा.

वाडीचा डांबरी रस्ता २००५ मध्ये झाला. तो वाडीच्या वरच्या अंगाला काजूच्या झाडापाशी येऊन थांबतो. पुढे पाखाडी. जांभ्याच्या बहात्तर पायऱ्या उतरल्या की घरं लागतात. गाडी पाखाडीवरून खाली नेता येत नाही, म्हणून सगळ्यांच्या गाड्या काजूखाली उभ्या असतात. मी माझी गाडी २००६ च्या आंब्याच्या पैशातून घेतली. स्प्लेंडर. टाकीवर अजून हिरो होंडा असं लिहिलेलं आहे. त्या दोन कंपन्या पुढे वेगळ्या झाल्या, माझ्या टाकीवर मात्र अजून एकत्रच आहेत. पंधरा वर्षं झाल्यावर २०२१ मध्ये तिचा एमएच-०८ चा कागद पाच वर्षांसाठी पुन्हा करून घेतला. मुलगा मुंबईतून म्हणत होता, "बाबा, काढून टाका ती, स्कूटर घ्या." मी काही काढली नाही. बायकोचे दोन्ही गुडघे गेलेले. फाट्यापर्यंत ती चालू शकत नाही. महिन्याच्या गोळ्या, रेशन, पालीचा बाजार, सगळं त्या गाडीवर. गाडी गेली तर आमचं घर फाट्यापासून पुन्हा १९९३ एवढं लांब.

ही गोष्ट २०२२ च्या जुलैतली. लावणी अर्ध्यावर आली होती. तीन दिवस पावसाने डोळा उघडला नव्हता. काजूखाली चार गाड्या उभ्या होत्या. सगळ्यात डावीकडे माझी. मी तिला डबल स्टँडवर लावली होती, स्टँडखाली चिऱ्याचा सपाट काप घालून, पेट्रोलचा कॉक बंद करून. पावसाळ्यात ही माझी सवयच आहे. तिच्या उजवीकडे पोस्टात काम करणाऱ्या पुतण्याची, मग आशाताईंच्या मुलाची नवी गाडी, आणि सगळ्यात उजवीकडे एक बुलेट. बुलेट आमच्या शेजाऱ्यांच्या मुलाची. तो मुंबईहून लावणीसाठी चार दिवस रजा काढून आला होता. चांगला पोरगा. त्याने साईड स्टँडवर गाडी लावली, हँडल लॉक केलं आणि शेतात गेला. ते सगळेच करतात.

या शेजाऱ्यांचं आणि आमचं आठ वर्षं बोलणं नव्हतं. कारण बांध. आमचा मळा आणि त्यांचा मळा लागून आहेत, मधल्या बांधाची एक बाजू कोणाची यावरून झालं ते झालं. दोघांनाही आपलंच खरं वाटतं. मोजणीचा अर्ज दोघांनीही केला नाही, कारण मोजणीत काय निघेल याची दोघांनाही धास्ती. एकाच पाखाडीवरून जायचं, समोरून आला की एकाने वर बघायचं, दुसऱ्याने खाली. अशी आठ वर्षं.

सकाळी दहाच्या सुमाराला भावजय ओरडत आली, गाड्या आडव्या झाल्यात म्हणून. मी इरलं तसंच टाकून वर गेलो. बुलेटचा स्टँड पुरा मातीत गेला होता. दोनशे किलोच्या घरातली ती गाडी डावीकडे कलंडली ती पुढच्या गाडीवर, ती तिच्या पुढच्या गाडीवर, आणि शेवटी सगळ्यांचा भार माझ्या गाडीवर. माझी गाडी स्टँडवरून ढकलली जाऊन तळाला, चिखलात. चारही एकमेकींत हँडलं अडकवून पडलेल्या. पेट्रोलचा वास काजूच्या पानांपर्यंत भरलेला.

अशा वेळी पहिली गोष्ट म्हणजे विडी-काडीवाल्याला लांब ठेवायचं. दुसरी, दिसेल त्या गाडीची चावी आणि पेट्रोलचा कॉक बंद करायचा. आणि तिसरी, घाई करायची नाही. एकटी गाडी पडली तर ती उचलायचा सोपा प्रकार आहे. गाडीकडे पाठ करायची, ढुंगण सीटला टेकवायचं, एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने मागचा दांडा धरायचा, कंबर न वाकवता गुडघ्यांनी उठायचं आणि मागे मागे पावलं टाकायची. गाडी आपोआप उभी राहते. उजवीकडे पडली असेल तर आधी साईड स्टँड उघडून ठेवायचा, नाहीतर उचललेली गाडी तशीच पलीकडे जाते. पस्तिशीत मी असं कितीदा केलं असेल. आता चौसष्टावं लागलं होतं. आणि इथे चार गाड्या होत्या. वरची काढल्याशिवाय खालची निघणार नाही, आणि वरची बुलेट. तिची चावी पोराबरोबर खालच्या मळ्यात, म्हणजे हँडल कुलूपबंद.

वाडीत बाप्ये कोण? मी. बाकीचे लावणीला पऱ्यापलीकडे. बायको पायऱ्या चढून येऊ शकत नव्हती. भावजय आणि आशाताई, दोघी चिखलाने भरलेल्या. एवढ्यात पाखाडीवरून शेजारी आले. वय सत्तर. हातात वासा. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, गाड्यांकडे बघितलं. मग वासा बुलेटच्या खाली मागच्या बाजूने सरकवला आणि उभे राहिले. मी हँडल धरलं. बायका सीटला. कोणी बोलेना. चौघं आपापल्या जागी धरून उभे, वरून पाऊस. शेवटी तेच म्हणाले, "उचल."

आठ वर्षांतला पहिला शब्द. बुलेट उठली.

त्यांनी वाशाचा तुकडा तिच्या स्टँडखाली घातला. मग बाकीच्या दोन. माझी सगळ्यात शेवटी, आणि ती उठली तेव्हा तिच्याकडे बघवेना.

पालीला आमचा एक मेकॅनिक आहे. सगळे त्याला भाई म्हणतात. गॅरेज म्हणजे वर पत्रे, खाली काळी झालेली जमीन, आणि मागच्या भिंतीला जुन्या चेनी टांगलेल्या. दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोत घालून नेली. त्याआधी पुतण्याने फोनवर एका शोरूमला विचारलं होतं. त्यांनी पडलेलं सगळं बदलायचा हिशोब सांगितला, चार हजार सहाशे. भाईने गाडी बघितली, काही बोलला नाही. दोनदा भोवती फिरला. मग म्हणाला, "काका, एक भीती हाय. ती आधी बघूया. बाकीचा सगळा सोपा हाय."

भीती गिअरची होती. गाडी डावीकडे पडली की गिअरचा दांडा आत दबतो आणि इंजिनच्या कव्हरला जाऊन टेकतो. माझा पार टेकला होता. हा दांडा ज्या शाफ्टवर बसतो तो शाफ्ट इंजिनच्या पोटातून येतो. दांडा वाकला तर काही नाही. शाफ्ट वाकला असेल तर इंजिन खोलावं लागतं, आणि सोळा वर्षांचं इंजिन खोललं की आतून एकेक खर्च बाहेर येतो. भाईने बोल्ट काढून दांडा उपसून घेतला, शाफ्टला पान्याने धरून हळूहळू फिरवलं आणि त्याच्या टोकाकडे टक लावून बघत राहिला. वाकलेला शाफ्ट फिरवताना टोक गोल गोल डुलतं. हे डुललं नाही. मी इतका वेळ श्वास धरून होतो हे मला श्वास सोडल्यावर कळलं. दांडा मऊ लोखंडाचा करतात तो यासाठीच, भाई म्हणाला. त्याने वाकायचं आणि आतल्याला वाचवायचं.

पुढच्या सांगाड्याचंही तसंच. ज्याला आपण लेग गार्ड म्हणतो त्या नळीने जमीन पहिली घेतली होती. ती दबली, पण इंजिनला दगड लागू दिला नाही. क्लचची लिव्हर टोकाला तुटली होती. डावा आरसा गेला, पुढचा-मागचा डावा इंडिकेटर गेला. टाकीला उजव्या अंगाला पुतण्याच्या गाडीच्या हँडलचा पोचा, सुपारी बसेल एवढा.

हँडल वाकडं दिसत होतं. मला वाटलं होतं नवीन लागणार. भाईने पुढचं चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरलं, फोर्कच्या नळ्या धरणारे बोल्ट थोडे ढिले केले, आणि हँडल धरून एक झटका दिला. कट्ट असा आवाज झाला आणि चाक व हँडल एका रेषेत. "ह्या वाकलेला नव्हता, फिरलेला व्हता," तो म्हणाला. पडलेल्या गाडीचं हँडल वाकडं दिसलं की लोक नवीन हँडल घेतात. बऱ्याच वेळा नळ्या नुसत्या आपल्या पकडीत पिळवटलेल्या असतात. बोल्ट ढिले केले की सरळ होतात. मात्र नळीच वाकली असेल तर हा उपाय नाही. ती बाहेर काढून काचेवर लोळवून बघावी लागते.

मग इंजिन. आडव्या गाडीत कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल नको तिथे जातं. उचलल्यावर लगेच किका मारत बसू नये. भाईने प्लग काढला, तो ओला होता, पुसला. प्लगशिवाय दहा-बारा किका मारून आतलं पेट्रोल बाहेर टाकलं. तेलाची काडी बघितली. एअर फिल्टरच्या डब्यात तेल चढलंय का ते बघितलं. १ एप्रिल २०२० पासून ज्या नव्या बीएस-सहाच्या गाड्या येतात त्यांतल्या बहुतेकांत इंजेक्शन असतं, कार्ब्युरेटर नाही, म्हणून आशाताईंच्या मुलाच्या गाडीला हा त्रास झाला नव्हता. माझ्या बॅटरीचं पाणी मात्र सांडलं होतं. त्यात आम्ल असतं. ते चासीवरून उतरलं की रंग खातं आणि मागाहून गंज धरतो. खायचा सोडा पाण्यात कालवून भाईने ती जागा धुतली, तेव्हा फस्स करून फेस आला. हे बहुतेकजण विसरतात, आणि सहा महिन्यांनी चासीला भोक पडलं की पावसाला शिव्या देतात.

राहिलं पाय ठेवायचं. मागे बसणाऱ्या बाईचं पायटेकणं आणि साडी चाकात जाऊ नये म्हणून असलेली जाळी, दोन्ही पिळवटली होती. ही जाळी हौस नाही, १९८९ च्या केंद्रीय मोटर वाहन नियमांत ती सांगितलेलीच आहे. मुंबईची पोरं गाडी घेतली की पहिली तीच काढून टाकतात. भाई म्हणाला हे गॅसने तापवावं लागेल, आणि आम्ही बाजूच्या लोहाराकडे गेलो. त्याने लाल करून, हातोडीने नाही, लांब पाईप घालून हळूहळू सरळ केलं. थंड लोखंडावर मारलं तर ते वाकतं त्याच जागी चिरतं. मी त्याला सांगितलं की पायटेकणं आधीपेक्षा दोन बोटं खाली ठेव. बायकोचा गुडघा तेवढाच वाकतो. त्याने ठेवलं. नवं पायटेकणं घेतलं असतं तर ते कंपनीच्या मापाचं मिळालं असतं.

लिव्हर ८० रुपये, आरसा १४०, दोन इंडिकेटर २६०, लोहार १५०, भाईची मजुरी ४५०. एकूण १०८० झाले. टाकीचा पोचा तसाच ठेवला.

आता प्रश्न, हे पैसे कोणाचे? चारही गाड्यांना खर्च होता. पुतण्याची टाकी फुटली होती, त्याला सगळ्यात जास्त. विमा आमच्या गाड्यांना होता तो थर्ड पार्टीचा, म्हणजे कायद्याला लागतो तेवढा. आपल्याच गाडीच्या आपल्याच नुकसानीला त्यातून काही मिळत नाही. बुलेट आधी पडली हे सगळ्यांनी बघितलं होतं. वाडीत दोन दिवस कुजबुज चालली. पुतण्याच्या आईचं म्हणणं, बुलेटवाल्यांनी भरावं. आणि काहीजण माझ्याकडे बघत होते, आता हे जुनं काढतील म्हणून. माझ्याही कानात एकाने सांगितलं, "आता सोडू नका." खोटं कशाला सांगू, मनात आलं होतं.

रविवारी सहाणेवर बैठक झाली. बुलेटवाला पोरगा रजा एक दिवस वाढवून थांबला होता. तो उभा राहून म्हणाला, "काका, माझी गाडी पडली, मी सगळ्यांचे भरतो." त्याचा बाप खांबाला टेकून बसलेला, मान खाली. त्या घराचं सगळं चालतं ते या पोराच्या पगारावर. चार गाड्यांचे मिळून आठ-नऊ हजार झाले असते.

आमचे गावकर ऐंशीचे. त्यांनी सुपारी कातरत विचारलं, पोराने गाडी ढकलली काय? कोणी म्हणालं, नाही. दारू पिऊन लावली काय? नाही. मग कोणी पाडली? पावसाने आणि मातीने. "मग पावसाकडनं पैसे घ्या," ते म्हणाले. आणि पुढे म्हणाले, आज पावसाच्या पैशाला माणूस जबाबदार धरलात, तर उद्या वाऱ्याने माझ्या आंब्याची फांदी तुमच्या कौलांवर पडली की मला धराल. एकोणीस घरांत कोणाची ना कोणाची फांदी कोणाच्या कौलांवर आहेच. ज्याचं त्याने करावं. पुतण्याच्या टाकीसाठी प्रत्येक घराने शंभर द्यावे, कुलूपबंद घरांनीसुद्धा, फोन करून. आणि काजूखाली जागा बांधून काढावी, कारण एकदा पडली ती गोष्ट वेगळी, दुसऱ्यांदा पडली तर मात्र आपल्याला धरायला पाहिजे.

मला काय वाटतं ते त्यांनी विचारलं. माझंच म्हणणं ऐकायला सगळे थांबले होते. मी म्हटलं, माझे एक हजार ऐंशी झालेत, ते मी दिलेत, विषय संपला. एवढंच.

जागा बांधायला चिरे लागणार. पाच गाड्या उभ्या राहतील अशी पंधरा फूट लांब आणि सात फूट रुंद जागा धरली तर सव्वाशे चिरे. जांभ्याची गंमत अशी की खाणीतून काढताना तो मऊ असतो, वारा लागला की कडक होतो. १८०७ साली बुकानन नावाच्या डॉक्टरने मलबारात हा दगड बघून त्याला लॅटराइट नाव दिलं, लॅटिनमध्ये विटेला जे म्हणतात त्यावरून. आमच्या पूर्वजांना ते नाव माहीत नव्हतं, पण घरं त्याचीच बांधली. आता खाणीतून ट्रकने आणायचा म्हटला तर भर पावसात ट्रक कोण आणणार? गणपतीनंतर बघू असं ठरत होतं. तेव्हा शेजारी खांबाला टेकूनच म्हणाले, "चिरे हायत माझ्याकडे."

त्यांच्याकडे चिरे होते हे सगळ्यांना माहीत होतं. गेल्या मे महिन्यात त्यांनी आणून ठेवले होते, आमच्या दोघांच्या बांधावर गडगा घालायला. मी त्या चिऱ्यांकडे दोन महिने रोज जाता-येता बघत होतो. पाऊस उघडला की गडगा उभा राहणार आणि आपलं भांडण दगडात बांधलं जाणार, हे मी धरूनच चाललो होतो.

पुढच्या आठवड्यात उघडीप मिळाली तेव्हा ते चिरे आम्ही डोक्यावरून वर आणले. दोन-दोन पायऱ्यांवर एकेक माणूस उभा करून हातोहात. माती फूटभर काढली, डबर भरला, धुमसाने ठोकला, वर चिरे बसवले, आणि पाणी निघून जायला मागे थोडा उतार दिला. पहार शेजाऱ्यांच्या हातात होती, ओळंबा माझ्या. कामापुरतं बोललो. इकडे घे, तिकडे सरकव, उचल, ठेव.

बोलणं सुरू झालं असं म्हणता येणार नाही. बांधाचं अजून तसंच आहे, मोजणी अजून झालेली नाही. पण गडग्याला दुसरे चिरे त्यांनी आणले नाहीत, आणि मीही बांधाच्या त्या बाजूचं गवत कापत नाही. पाखाडीवर समोरासमोर आलो की आता दोघेही थांबतो, कोणी आधी जायचं ते ठरवायला.

माझ्या गाडीच्या साईड स्टँडला मी भाईकडून तळहाताएवढी पट्टी वेल्डिंग करून घेतली आहे. पन्नास रुपये लागले. ज्यांची गाडी मळ्याच्या कडेला उभी राहते त्यांनी जरूर करावी. बायको दर महिन्याला गोळ्यांसाठी मागे बसते. नव्या पायटेकण्यावर तिचा पाय नीट बसतो. मधूनच ती वाकून टाकीच्या पोच्यावरून हात फिरवते आणि म्हणते, "हा राहू दे."